अल्पसंख्याक समाजाचं देशातल्या देशात स्थलांतर: आकडे कुठून घ्यायचे आणि वाचायचे कसे

एखादा वांशिक अल्पसंख्याक समाज देशातल्या देशात कुठून कुठे सरकतोय हे शोधायचं म्हटलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात, दोन जनगणनांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवतात, एका जिल्ह्यात त्या समाजाचा टक्का वाढलाय, दुसऱ्यात घटलाय, की झालं, "लोक इकडून तिकडे गेले" असं लिहून मोकळे. पण यात लोक खरंच हलले का, हेच कळलेलं नसतं. टक्का वाढला म्हणजे बाहेरून लोक आले असतील, किंवा त्या समाजात मुलं जास्त जन्मली असतील, किंवा बाकीचे लोक तिथून निघून गेले असतील, नाहीतर मागच्या वेळी फॉर्मवर एक रकाना भरणाऱ्यांनी या वेळी दुसरा भरला असेल. स्थलांतर हे त्यातलं फक्त एक कारण. म्हणून आधी माणसं हलली की त्यांच्यावरचा शिक्का हलला हे वेगळं करायचं, आणि का हलली तो प्रश्न त्याच्यानंतर घ्यायचा.

तर सुरुवात त्या देशात हा समाज मोजतात कसा इथून करा. वाटतं तितकं हे सरळ नाहीये. ब्रिटनच्या जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न पहिल्यांदा १९९१ ला आला, त्याच्या आधीचं काही हवं असेल तर जन्माचा देश बघून अंदाज बांधावा लागतो, आणि ब्रिटनमध्येच जन्मलेली पुढची पिढी त्यात सापडत नाही. फ्रान्समध्ये जनगणना वंश विचारतच नाही, नागरिकत्व आणि जन्मस्थान विचारते. नॉर्वेत लोकसंख्येचं रजिस्टर एकदम चोख असतं, कोण कधी कुठे राहायला गेलं सगळं मिळतं, पण त्यात सामी (तिथले उत्तरेकडचे मूळ रहिवासी) कोण हे लिहिलेलंच नसतं, त्यामुळे अभ्यासक सामी संसदेच्या मतदार यादीचा आधार घेतात, आणि त्या यादीत नाव स्वतःहून घालावं लागतं, म्हणजे ज्यांना घालायचं नाही ते त्यात नाहीतच.

भारतातलं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. संविधानाच्या कलम ३४२ प्रमाणे अनुसूचित जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. दिल्लीसाठी अशी यादीच नाही, म्हणून २०११ च्या जनगणनेत दिल्लीत अनुसूचित जमातीची लोकसंख्या शून्य. आता झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमधून घरकामाला आणि मजुरीला दिल्लीत गेलेले आदिवासी काय हवेत विरले का? माणूस तिथेच आहे, फक्त राज्याची हद्द ओलांडल्यावर त्याचा रकाना पुसला गेला. आसामच्या चहामळ्यांचंही तसंच, इंग्रजांच्या काळात छोटानागपूरकडून नेलेल्या संथाळ, मुंडा, उरांव लोकांचे वंशज झारखंडमध्ये असते तर अनुसूचित जमातीत मोजले गेले असते, आसाममध्ये तसे मोजले जात नाहीत. म्हणजे याच आकड्यांवरून कुणी "आदिवासी दिल्लीला जात नाहीत" असा निष्कर्ष काढला तर तो आकड्यांच्या भाषेत बरोबर आणि वस्तुस्थितीत साफ चूक. अशा वेळी मातृभाषेचे तक्ते बघा, संथाळी, मुंडारी, कुडुख बोलणारे कुठे सापडतात ते. तेही पूर्ण चित्र देत नाहीत, कारण शहरात गेलेली दुसरी पिढी बऱ्याचदा हिंदी सांगते, पण शून्यापेक्षा केव्हाही बरं.

शिक्का बदलतो तो असाही. अमेरिकेत २०१० ला स्वतःला अमेरिकन इंडियन किंवा अलास्का नेटिव्ह, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, म्हणवणारे (एकट्याने किंवा दुसऱ्या वंशासोबत) साधारण ५२ लाख होते, २०२० ला ९७ लाख. दहा वर्षांत इतकी मुलं होत नाहीत आणि बाहेरूनही इतके लोक आलेले नाहीत, प्रश्नाची मांडणी बदलली, उत्तरं नोंदवायची पद्धत बदलली आणि लोकांनी स्वतःची ओळख वेगळी सांगितली. अशा दोन वर्षांची वजाबाकी करून कुठल्या राज्यात "स्थलांतर" झालं ते काढायला गेलात तर फसलातच म्हणून समजा.

मोजणीतून सुटलेलेही लक्षात घ्यायचे. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेनंतर जी तपासणी झाली त्यात कृष्णवर्णीय ३.३० टक्के कमी मोजले गेलेत असं निघालं, हिस्पॅनिक ४.९९ टक्के आणि राखीव क्षेत्रांवर राहणारे अमेरिकन इंडियन ५.६४ टक्के. जो समाज जास्त फिरतो, भाड्याने राहतो, एका घरात दोन कुटुंबं राहतात, तोच जास्त सुटतो, म्हणजे ज्यांचं स्थलांतर मोजायचंय नेमके तेच.

हे झालं की दुसरा प्रश्न, स्थलांतर म्हणजे त्या देशात नक्की काय विचारलंय. साधारण तीन प्रकार दिसतात. जन्म कुठे झाला हे विचारलं असेल तर माणूस आयुष्यात कधीतरी हलला एवढंच कळतं, पाच ठिकाणी राहून परत आला असेल तर तो हललेलाच दिसत नाही. याआधी कुठे राहत होता हे विचारलं तर शेवटची उडी कळते, भारतात हा प्रश्न १९७१ पासून आहे आणि का आला हे १९८१ पासून विचारतात. तिसरा प्रकार म्हणजे ठराविक काळापूर्वीचा पत्ता, ब्रिटनमध्ये एक वर्षापूर्वीचा, अमेरिकेत १९४० पासून २०००पर्यंतच्या जनगणनांत बहुतेक वेळा पाच वर्षांपूर्वीचा (१९५० ला एक वर्षाचा होता) आणि आता दरवर्षीच्या सर्व्हेत एक वर्षापूर्वीचा. एक वर्षाचा आकडा गुणिले पाच म्हणजे पाच वर्षांचा आकडा असं होत नाही हं, कारण तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा हलतात. त्यामुळे दोन देशांची किंवा दोन काळांची तुलना करायची तर आधी प्रश्न एकच आहे का ते बघायचं, नसेल तर तुलना सोडून द्यायची.

चीनमध्ये आणखी एक गाठ आहे. तिथे १९५८ पासून हुकोउ म्हणजे घराची नोंदणी, माणूस राहतो एकीकडे आणि नोंद दुसरीकडे. २०२० च्या जनगणनेत असे फिरते लोक सुमारे ३७.६ कोटी निघाले. म्हणून चीनमधल्या कुठल्याही अल्पसंख्याक गटाबद्दल आकडा मिळाला की तो राहत्या जागेचा की नोंदणीचा हे पहिलं विचारायचं. ईशान्य चीनच्या यानबियानमधले कोरियन वंशाचे लोक चिंगदाओसारख्या किनाऱ्याच्या शहरांत गेले आणि बरेच जण दक्षिण कोरियातही गेले, आता यानबियानमधली घट किती देशातल्या स्थलांतराची आणि किती परदेशातल्या, हे एका आकड्यात कळणारच नाही.

एकक कोणतं घेताय तेही महत्त्वाचं. राज्यवार बघितलं तर जिल्ह्यातून जिल्ह्यात गेलेला माणूस स्थिर दिसतो, वॉर्डवार बघितलं तर समोरच्या गल्लीत घर बदललेलाही स्थलांतरित होतो. शक्य असेल तर दोन्ही पातळ्यांवर काढा, जवळच्या हालचाली जास्त करून घर, लग्न, शाळा यांच्यामुळे असतात आणि लांबच्या नोकरी-शिक्षणामुळे. मधल्या काळात जिल्हा फोडून दोन केले असतील तर आधी ते जोडून घ्या, नाहीतर कागदावर हजारो लोक एका जिल्ह्यातून दुसऱ्यात "गेलेले" दिसतील.

आता खरं काम. कुठून-कुठे असा तक्ता करा, ओळीत मूळ ठिकाण, रकान्यात पोचलेलं ठिकाण, प्रत्येक चौकोनात त्या समाजाची किती माणसं. सोबत असाच तक्ता बाकीच्या लोकसंख्येचाही करा, तो नसेल तर पहिल्याला काही अर्थ नाही, कारण सगळेच त्या शहराकडे धावत असतील तर तुमचा समाजही धावतोय यात विशेष काय.

निव्वळ स्थलांतर, म्हणजे आले वजा गेले, हा आकडा सगळ्यांना आवडतो कारण तो एकच असतो. पण तो बरंच झाकतो. समजा एका शहरात १०,००० आले आणि ९,५०० गेले, निव्वळ ५००. दुसऱ्या शहरात ८०० आले आणि ३०० गेले, निव्वळ पुन्हा ५००. पहिलं शहर म्हणजे बसस्टँड आहे, लोक येतात आणि निघून जातात, दुसऱ्यात लोक खरंच वस्ती करतायत. फरक काढायचा तर निव्वळ आकड्याला आले अधिक गेले यांच्या बेरजेने भागा, पहिल्यात ५०० भागिले १९,५०० म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात ५०० भागिले १,१०० म्हणजे ४५ टक्के. हा आकडा मी प्रत्येक वेळी काढतोच, दोन मिनिटांचं काम आहे आणि अर्धे चुकीचे निष्कर्ष इथेच गळून पडतात.

मग वय. वय न बघता स्थलांतराचे दर ताडून बघणं ही या विषयातली सगळ्यात कॉमन चूक असेल. जगात जवळपास सगळीकडे विशी-तिशीतली माणसं जास्त हलतात, आणि अल्पसंख्याक समाज बऱ्याचदा वयाने तरुण असतात. समजा दोन्ही गटांत तरुणांपैकी शंभरात २० हलतात आणि बाकीच्यांपैकी शंभरात ५, म्हणजे वागणूक अगदी सारखी. पण एका गटात तरुण ३० टक्के आहेत आणि दुसऱ्यात १५ टक्के. पहिल्याचा एकूण दर येतो ९.५ आणि दुसऱ्याचा ७.२५. लगेच कुणीतरी लिहितं की "हा समाज मुळातच भटका आहे", आणि खरं कारण फक्त तरुणांची संख्या. त्यामुळे वयोगटानुसार दर वेगवेगळे काढा, आणि एकच आकडा द्यायचा असेल तर दोन्ही गटांना एकच वयोरचना लावून द्या, म्हणजे दोन्हींत तरुण-म्हातारे सारख्याच प्रमाणात आहेत असं धरून. बाई-पुरुष पण वेगळे काढायचे, भारतात बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न आहे, ते मिसळलं की नोकरीसाठीचं स्थलांतर पार बुडून जातं.

कुठून-कुठे तक्ता मिळत नाही असं बऱ्याच देशांत होतं, किंवा मिळतो पण वंशानुसार फोड नसते. तेव्हा वजाबाकीची पद्धत वापरायची. आधीच्या जनगणनेत २० ते २९ वयाचे जे होते ते दहा वर्षांनी ३० ते ३९ असायला हवेत, मरण पावलेले वजा करून जितके असायला हवेत आणि प्रत्यक्षात जितके आहेत त्यातला फरक म्हणजे साधारण निव्वळ स्थलांतर. साधारण म्हणतोय कारण या फरकात परदेशी गेलेले, मोजणीत सुटलेले आणि ओळख बदललेले सगळे येतात. एक तपासणी सोपी आहे, देशभराची बेरीज करून बघा. देशातल्या देशातलं स्थलांतर असेल तर सगळ्या जिल्ह्यांची बेरीज शून्याजवळ यायला हवी. खूप लांब असेल तर काहीतरी दुसरंच मोजताय.

इतकं झाल्यावर मग आकार ओळखायचा, आणि हा मला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग वाटतो. अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं मोठं स्थलांतर घ्या, साधारण १९१० ते १९७० मध्ये जवळपास ६० लाख लोक दक्षिणेतून बाहेर पडले, १९१० ला दर दहातले नऊ जण दक्षिणेत होते आणि १९७० ला निम्म्याहून थोडे जास्त उरले. "दक्षिणेतून उत्तरेकडे" एवढंच लिहिलं तर ते खरं आहे पण त्यातून समजत काहीच नाही. तक्ता उघडला की दिसतं की मिसिसिपीचे लोक शिकागोला, कॅरोलिना-व्हर्जिनियाचे फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कला, आणि दुसऱ्या महायुद्धापासून टेक्सास-लुईझियानाचे कॅलिफोर्नियाला. का, तर रेल्वे तशी जात होती, इलिनॉय सेंट्रलची लाईन मिसिसिपीतून थेट शिकागोला. आणि आधी गेलेल्यांची पत्रं, त्यांच्याकडे उतरायला जागा, नोकरीची ओळख. ढकलणारी कारणं होतीच, वंशभेदाचे कायदे, लिंचिंग, कापसावरची बोंडकीड, आणि ओढणारं कारण म्हणजे पहिल्या महायुद्धात युरोपातून कामगार येणं थांबलं आणि कारखान्यांना माणसं हवी होती. पण कोण कोणत्या शहरात गेला हे या मोठ्या कारणांनी ठरत नाही, ते ठरतं साखळीने. म्हणून तुमच्या तक्त्यात एखादा चौकोन अपेक्षेपेक्षा फुगलेला दिसला की तिथे कुणीतरी आधी गेलेलं आहे असं धरून शोधाला लागा.

आणि दिशा उलटते. १९७० नंतर हाच प्रवाह परत दक्षिणेकडे वळला, अटलांटा, डॅलस, ह्यूस्टन. पण जिथून आजोबा निघाले त्या शेतांवर लोक परतले असं फारसं नाही, ते दक्षिणेतल्या मोठ्या शहरांत आणि त्यांच्या उपनगरांत आले, आणि त्यात कॉलेज शिकलेले तरुण आणि निवृत्त झालेले दोन्ही होते. "मुळांकडे परत" वगैरे लिहायचा मोह होतो तिथे जिल्ह्याच्या पातळीवर एकदा बघूनच लिहा.

स्थलांतर म्हणजे गावातून शहरात हाही डोक्यात बसलेला साचा आहे. व्हिएतनाममध्ये उत्तरेच्या डोंगरातले ताय, नुंग, हमोंग, दाओ लोक मध्य पठारावर दाक लाकसारख्या प्रांतांत गेले ते शेतजमिनीसाठी, म्हणजे गावातून गावात, सरकारी वसाहत योजनांतून काही आणि आपणहून बरेच. तिथे आधीपासून राहणारे एदे, जराय हेही अल्पसंख्याकच, आणि सपाटीवरून बहुसंख्य किन्ह लोकही तिथेच आले, म्हणजे एका अल्पसंख्याक गटाचं येणं दुसऱ्या अल्पसंख्याक गटाची जमीन कमी करणारं. "अल्पसंख्याक" असा एकच ढीग करून आकडे काढले तर यातलं काहीच दिसणार नाही, म्हणून गट वेगवेगळे ठेवा, कितीही छोटे असले तरी.

जबरदस्तीने हलवलेल्यांचा प्रवाह नेहमीच्या मॉडेलमध्ये बसवायला जाऊ नका. १९३७ ला सोव्हिएत सरकारने अतिपूर्वेतले सुमारे १.७ लाख कोरियन कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेले, १९४४ ला क्रिमियाचे तातार, साधारण १.९ लाख, मुख्यतः उझबेकिस्तानात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तातार परत यायला लागले तेव्हा ते देशातलं स्थलांतर होतं, १९९१ ला देशच फुटला आणि तोच रस्ता, तेच लोक, एकदम आंतरराष्ट्रीय स्थलांतर झालं. इजिप्तमध्ये आस्वानच्या मोठ्या धरणामुळे १९६३-६४ मध्ये सुमारे ५०,००० न्युबियन कोम ओम्बोकडे हलवले. अशा ठिकाणी अंतर, पगार, शिक्षण यांचं काही चालत नाही, ट्रक आणि रेल्वे कुठे थांबली एवढंच. पण त्याच्या पुढच्या पिढीचं हलणं मात्र या नवीन जागेपासून सुरू होतं, त्यामुळे टाइमलाइनवर हे वर्ष ठळक करून ठेवा.

समाज एका जागी गोळा होतोय की पसरतोय हे काढायला विषमता निर्देशांक वापरतात, सोपा आहे. प्रत्येक भागात त्या समाजाचे किती टक्के आणि बाकीच्यांचे किती टक्के राहतात ते लिहा, फरक काढा, वजाचं चिन्ह सोडून बेरीज करा, निम्मी करा. तीन भागांत समाजाचे ६०, ३०, १० टक्के आणि बाकीच्यांचे २०, ३०, ५० टक्के असतील तर फरक ४०, ०, ४०, बेरीज ८०, उत्तर ४०. म्हणजे दोन्ही सारखे पसरायला समाजातल्या ४० टक्के लोकांना घर बदलावं लागेल. भाग जितके छोटे घ्याल तितका आकडा वर जातो, म्हणून वेगवेगळ्या आकाराचे भाग घेऊन तुलना नको. आणि हा निर्देशांक बदलला म्हणजे स्थलांतर झालं असं नाही. लंडनमध्ये श्वेत ब्रिटिशांचा वाटा २००१ ला ५९.८ टक्के होता, २०११ ला ४४.९, पेपरात लगेच "गोरे पळाले". पण त्या दहा वर्षांत परदेशातून आलेले, शहरात जन्मलेली मुलं आणि म्हाताऱ्यांचे मृत्यू हे सगळं त्या फरकात आहे, आणि आतल्या शहरातून उपनगराकडे तर अल्पसंख्याक कुटुंबंही जात होती. घरात मूल आलं, मोठं घर पाहिजे, हे कारण वंश बघत नाही.

कारणांवर बोलायचं तर सगळ्यात आधी त्याच वयाच्या, त्याच शिक्षणाच्या, त्याच भागातल्या बहुसंख्याकांशी तुलना करा. दोघं सारखेच हलत असतील तर कारण महागडी घरं किंवा नोकऱ्या, वंश नाही. एवढी तुलना करूनही फरक उरला तर मग भाडं नाकारणं, कायदा, भाषा, नातेवाईक, हिंसाचार, हे एकेक तपासा. हवाईचे मूळ रहिवासी आज निम्म्याहून जास्त हवाईबाहेर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात, त्यात घरांच्या किमतीचा हात मोठा आहे, आणि महाग घरांमुळे हवाईतून इतर लोकही निघतात. फरक इतकाच की मूळ रहिवासी निघाले तर त्यांची जमीन, भाषा, हक्काच्या योजना मागे राहतात, आणि तो भाग आकड्यांत येत नाही, त्याच्यासाठी लोकांशीच बोलावं लागतं.

बोलताना "तुम्ही स्थलांतर का केलं" असं विचारू नका, सगळे "कामासाठी" म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी आयुष्याचा क्रम विचारा, जन्म कुठे, मग कुठे, तेव्हा घरात कोण होतं, पहिल्या रात्री कुणाकडे उतरलात, पैसे कुणी दिले, परत कितीदा गेलात. वर्ष आठवत नसेल तर निवडणूक, पूर, मुलाचा जन्म अशा खुणांवर बसवा. आणि जे गेलेच नाहीत त्यांच्याशीही बोला, प्रत्येक घरातून कोण थांबलं आणि का. हंगामी ये-जा तर जनगणनेत नीट येत नाही, ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम भागातले आदिवासी नातेवाईकांकडे, अंत्यविधीला, दवाखान्यासाठी इतके फिरतात की नेहमीचा पत्ता आणि मोजणीच्या रात्रीचा पत्ता हे दोन वेगळे तक्ते समोर ठेवल्याशिवाय तिथलं काही कळत नाही.

शेवटी लिहिताना छोट्या आकड्यांपासून जपून. कॅनडात जनगणनेचे आकडे पाचच्या पटीत वर-खाली गोल करतात, अमेरिकेने २०२० ला मुद्दाम थोडा गोंधळ मिसळलाय, त्यामुळे एखाद्या चौकोनात ५ किंवा १० दिसले तर त्यावर वाक्य लिहू नका, पाच-दहा वर्षांची किंवा दोन-तीन भागांची बेरीज करून लिहा. तुमच्या स्वतःच्या सर्व्हेत तर छोट्या वस्तीचा पत्ता, गटाचं नाव आणि कुटुंबांची संख्या तिन्ही एकत्र छापूच नका. १९४२ ला अमेरिकेत जपानी वंशाच्या एक लाखाहून जास्त लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून उचलून छावण्यांत टाकलं तेव्हा कोणत्या भागात किती राहतात याचे तक्ते जनगणना खात्यानेच पुरवले होते. छावण्यांतून सुटल्यावर बरेच जण शिकागोसारख्या शहरांत गेले आणि त्यातले कित्येक पुढे परत किनाऱ्यावर आले. त्यामुळे गटाचं नाव द्यायचं तर जागा जिल्ह्याइतकी मोठी ठेवा, आणि वस्तीचं नाव द्यायचं असेल तर त्याच लोकांना आधी विचारा, नाही म्हणाले तर तो तक्ता तुमच्याकडेच राहू द्या.